येडगावला ठेवलेलं प्रस्थान

आमच्या घरातून कुणी लांब जायला निघालं, की माणसाच्या आधी बोचकं निघायचं. मुहूर्त मंगळवारचा आणि जाणं शनिवारचं असं झालं, तर मंगळवारी त्या वेळेला एका फडक्यात हळद लावलेले तांदूळ, एक सुपारी आणि जाणाऱ्याची एखादी वस्तू बांधायची आणि ते बोचकं गावाच्या शिवेपलीकडे, जायच्या वाटेवर, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. म्हणजे तुम्ही अजून घरी जेवताय, झोपताय, भांडताय, पण खरं तर तुम्ही निघालेले आहात. शनिवारी वाटेत ते बोचकं उचलायचं आणि पुढे जायचं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही, आणि ज्याचं आहे त्यानेच ते उचलायचं, उचललं की मागे फिरायचं नाही. इतर घरांतून ही रीत तेव्हाच मागे पडत चालली होती. आमच्यात टिकली, कारण आम्ही मेंढरांची माणसं. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा आणि त्याआधी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, घोंगडी आणि लोकर कातरायची कात्री प्रस्थानात जायची. आबा म्हणायचे, प्रस्थान ठेवलं की मेंढरांना पण कळतं, ती त्या दिवसापासून नीट बसत नाहीत. खरंखोटं त्या मेंढरांनाच माहीत.

पुढे मी पुष्कळ हिंडले. तुमचा पहिला परदेश प्रवास कुठून सुरू झाला, असं कुणी विचारलं तर मी येडगावहून असं सांगते. लोकांना वाटतं बाई चेष्टा करतेय. मी चेष्टा करते हे खरं, पण हे सांगताना करत नाही.

आमचं घर राजुरीत, गावाच्या कडेला. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे नाना, असं एकत्र घर होतं. नानांनी आपल्या वाट्याची मेंढरं माझ्या जन्माच्या आधीच विकली, विहीर पाडली आणि द्राक्षाचा मांडव उभा केला. आबांनी मेंढरं ठेवली. त्यामुळे आमच्या घरात कायम दोन वास असायचे. नानांच्या बाजूला औषध फवारायच्या पंपाचा आणि आमच्या बाजूला लोकरीचा. पावसाळी हवेत लोकरीचा वास असा काही फुलायचा की शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली नाखूश असत. घरात सकाळपासून ऐकू यायची ती नानांच्या विहिरीवरच्या मोटारीची घरघर, आणि दुपारी सगळं निपचित पडलं की आईची चाती. चाती म्हणजे सूत काढायची लाकडी फिरकी. ती जमिनीला टेकून फिरताना बारीक गुणगुणल्यासारखी वाजायची आणि त्या आवाजावर मला झोप यायची. अजूनही येते. माझी चाती कपाटावर पडून असते, झोप उडाली की खाली काढते आणि थोडी फिरवते.

शिकवलं मला नानांनी. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी त्यांची थोडी नालस्ती करणार आहे. आबा वर्षातले आठ महिने रानात, त्यामुळे शाळेत नाव घालणं, नारायणगावच्या कॉलेजात नेऊन सोडणं, परीक्षेच्या दिवशी गेटबाहेर ताटकळत उभं राहणं हे सगळं नानांनी केलं. घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. आबा तर त्यांच्यासमोर खाटेवरसुद्धा बसत नसत. नाना बोलायचे आणि आबा मान हलवायचे, असं मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि त्याचा मला राग यायचा. माणूस रानात वाघासमोर उभा राहतो आणि घरात नुसती मान हलवतो, हे मला समजत नसे.

कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात आगाशेबाई आमच्याकडे आल्या. पुण्यात प्राध्यापक होत्या, निवृत्त झालेल्या, पांढरे केस, पायात पुरुषी बूट. त्यांना घोंगड्यांचा नाद होता. लोकर कुठल्या मेंढीची, कातरतात कशी, पिंजतात कशी, कुठे विणतात आणि कुठे नुसतीच भिजवून लाटून तिची जाड चटई करतात, हे त्या गावोगाव फिरून वहीत लिहायच्या. आईच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि चाती फिरवायला गेल्या, तर सूत दहादा तुटलं. आई पदर तोंडाला लावून हसली. जाताना त्यांनी मला मेंढीच्या दातांवरून वय सांगायला लावलं आणि मी एकामागून एक अकरा मेंढ्यांची वयं सांगितली. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर सोलापूर, सांगली, कर्नाटकातली गावं फिरले. आणि मग एक दिवस त्या म्हणाल्या, “कमल, मला मंगोलियापर्यंत जायचंय. चार महिने लागतील. माझे गुडघे गेलेत आणि मला मेंढीचे दात कळत नाहीत. तू येतेस?” एका संस्थेने त्यांना खर्च दिला होता. कलकत्त्यापर्यंत रेल्वे, तिथून विमानाने बँकॉक, आणि मग बस, रेल्वे, जे मिळेल त्याने लाओस, व्हिएतनाम, चीन असं वर वर. मी हो म्हणाले तेव्हा मला यातलं कलकत्ता आणि चीन सोडून एकही नाव नकाशावर दाखवता आलं नसतं.

नकाशा मी पुण्याहून आणला. आशिया खंडाचा, भिंतीवर लावायचा. आबा त्या दिवसांत पारगावकडे होते. तिथे ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. मधे एक दिवस ते बाजाराला घरी आले, तेव्हा मी नकाशा अंगणात पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार जोंधळ्याच्या कणसांचं वजन ठेवलं. आबा उकिडवे बसले.

“आपून कुठं हाय?” त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. “आन ती मेंढरं?” मी बोट वर नेलं. त्यांनी मधल्या अंतरावर आपला पंजा टेकवून पाहिला. “ह्या निळ्या रेघा म्हंजी पाणी?”

“हो, नद्या.”

“आन हे पिवळं?”

“वाळवंट. गोबी म्हणतात.”

“मग हितनं जाऊ नगा,” आबा म्हणाले. “हिकडच्या अंगानं वळसा घ्या. पाणी सोडून मेंढरू चालत न्हाई, तर माणूस काय चालंल.” मग त्यांनी विचारलं, तिथे मेंढरांना कुत्री लागतात का, लांडगा असतो का, थंडीत कळप कुठे बसवतात, बाया कातरतात की बापये. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. “मग ईचारून ये की,” ते म्हणाले आणि लगेच गप्प झाले, कारण नाना मोटार बंद करून अंगणात आले होते.

नाना नकाशाभोवती फिरले, वाकले नाहीत. “मेंढरामागं पाय झिजू नयेत म्हणून हिला शिकवली,” ते म्हणाले, “आन ही मेंढरंच बघायला चाललीय. ती बी चिनाच्या पल्याडची. आपली काय कमी दिसायची हुती का?” हे ऐकून आईसुद्धा हसली आणि खरं तर त्यात हसण्यासारखं होतंही. पण पुढचं नाना हसत बोलले नाहीत. एका चांगल्या घरचे लोक मला बघायला येणार होते. मुलगा सरकारी नोकरीत होता. “जायच्या आदल्या दिशी, शुक्रवारी, पावणं येत्यात. त्यांच्याम्होरं बसू, बोलू, मग जायाचं का न्हाई ते ठरवू.” मी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. ती नानांकडे बघून हलवली की माझ्याकडे, ते मला कळलं नाही. ते बाजाराची पिशवी घेऊन परत निघाले तेव्हा मी त्यांना पांदीच्या वाटेत गाठलं आणि सरळ विचारलं, आबा, मी जाऊ का. ते म्हणाले, “शुक्रवारी येतो. मग बोलू.” मग त्यांनी विचारलं, “ते निळं पुस्तक नसलं तर सोडत न्हाईत व्हय?” मी म्हणाले, पासपोर्ट नसला तर विमानाच्या दारातून परत पाठवतात. आबांनी पुन्हा मान हलवली आणि गेले.

मुहूर्त आईने काढून आणला. शनिवार बरा नव्हता, मंगळवार सकाळ चांगली होती, म्हणून प्रस्थान मंगळवारी ठेवायचं ठरलं. ठेवायचं कुणाकडे यावर सकाळी चुलीपुढे चर्चा झाली. आईचं म्हणणं, मंगोलिया उगवतीकडे आणि उत्तरेला, तर बोचकं त्याच अंगाला गेलं पाहिजे. माझा थोरला भाऊ भानूदादा म्हणाला, “आगं, यष्टी पुण्याला जाती, मंगोलियाला न्हाई.” शेवटी येडगाव ठरलं, कारण ते वाटेवर आणि तिथे आमची ठकूआत्या होती, नानांची आणि आबांची मधली बहीण. मी माझी निळी ओढणी दिली, आईने ती तांदळांबरोबर बांधलीही. तेवढ्यात बाहेर दुधाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. गावातलाच माणूस तो टेम्पो चालवायचा आणि पारगावकडची फेरी करून सकाळी परत यायचा. आई बाहेर गेली, त्याच्याशी काहीतरी बोलली, परत आली आणि तिने बोचक्याची गाठ सोडली.

“ओढणी नगं,” ती म्हणाली. “ही नसली तरी तू जाशील. जे नसलं तर तुला जाताच यायचं न्हाई, असं काय हाय तुझ्याकडं? ते तुझ्या हातानं ठेव.”

मला हा प्रश्न फार आवडला. मी कॉलेज शिकलेली, दोन वर्षं पुण्याच्या बाईंबरोबर हिंडलेली, मला वाटलं आता हिला दाखवते कसं. ऐटीत उठले, ट्रंकेतून पासपोर्ट काढला आणि हळदीच्या तांदळांवर ठेवला. आईने तीन गाठी मारल्या, भानूदादाला दारात थांबवून त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि त्याची राजदूत फटफटी धूर काढत येडगावच्या रस्त्याला लागली. माझ्या हुशारीवर मी दिवसभर खूश होते.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला टेलिफोन बूथवाल्याने माणूस धाडला. फोनवर आगाशेबाई होत्या. एका देशाचा व्हिसा वाटेत मिळेल असं त्यांनी धरलं होतं, तो मुंबईतच घ्यावा लागणार होता. त्यांना उद्या सकाळी दोघींचे पासपोर्ट घेऊन मुंबईला जायचं होतं. “आज संध्याकाळी सहापर्यंत पासपोर्ट माझ्या हातात हवा, कमल. नाहीतर आपलं सगळंच पुढे जाईल आणि मग संस्था पैसे देईल का नाही, मला सांगता येत नाही.” मी हो म्हणाले, फोन ठेवला, आणि बूथच्या बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. पासपोर्ट प्रस्थानात होता. तो दुसऱ्या कुणाला आणता येत नव्हता, माझा मलाच उचलायला हवा होता. आणि तो उचलला की मला घरी परत यायचं नव्हतं. म्हणजे मी शनिवारी नाही, आत्ताच निघाले होते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “मग हाय त्या कपड्यांवर निघ. बॅग भानू पुण्याला आणून दील.” मी म्हणाले, आपण ही रीत एवढ्यापुरती बाजूला ठेवू या का, मी पासपोर्ट देऊन रात्री परत येते. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते बोलले नाही. आज वाटतं, मी तरी ते मनापासून कुठे म्हणाले होते. रीतीवर माझा विश्वास नव्हता असं मी मैत्रिणींना सांगायचे, पण उचललेलं प्रस्थान घेऊन मी आमच्या उंबऱ्यातून आत आलेच नसते. पाय उचलला नसता. शिवाय शुक्रवारचे पाहुणे आपोआप चुकत होते, आणि त्याचा मला आनंद झाला होता हे कबूल करते. दुःख एकाच गोष्टीचं होतं. आबा शुक्रवारी येणार होते. मग बोलू म्हणाले होते. त्यांचं जा किंवा नको, यातलं काहीच न ऐकता मी चार महिन्यांसाठी जाणार होते, आणि नको म्हणाले असते तर मी काय केलं असतं हे मला अजून ठरवता आलं नव्हतं. निघताना आईने तिची चाती माझ्या झोळीत घातली. नाना मळ्यात फवारणी करत होते. मी त्यांना न भेटता निघाले, आणि ते मला आजही बरं वाटत नाही.

येडगावला आत्याचं घर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून आहे. मला घेऊन आलेल्या भानूदादाच्या राजदूतचा आवाज ऐकून ती बाहेर आली ती आमच्याकडे बघायच्या आधी रस्त्याकडे बघत आली. “संगं कोन हाय?” तिने विचारलं. कुणी नाही, आम्ही दोघंच. “नानानं धाडलंय का?” नाही गं आत्या, नानांना माहीतसुद्धा नाही. मी फोनचं सगळं सांगितलं. तरी तिचं समाधान होईना. तिने देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणली आणि मला त्यावर हात ठेवायला लावला. “म्हन, माझं मी नेते, म्होरंच जाते, म्हागं फिरत न्हाई.” मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, म्हातारी फारच कर्मठ होत चाललीय. म्हातारी कसली, तेव्हा ती आज मी आहे त्यापेक्षा लहान होती. मग तिने घोंगडीच्या घडीतून बोचकं काढून माझ्या ओंजळीत दिलं आणि हुलग्याचं गरम माडगं प्यायला लावल्याशिवाय सोडलं नाही. भर उन्हाळ्यात, घाम पुसत, गूळ घातलेलं ते पातळ माडगं मी वाटीभर प्यायले. पुढे थंड देशात कितीतरी वेळा त्याची आठवण आली.

रस्त्याला लागलो तेव्हा साडेबारा झाले होते. नारायणगाव गेलं आणि मी भानूदादाच्या पाठीवर थाप मारली. “दादा, पारगाव.”

“यष्टी चुकंल तुझी.”

“चुकू दे. आबांना भेटल्याबिगर मी जात नाही.”

हमरस्ता सोडून त्याने गाडी आत वळवली. पारगावात पोचून आम्ही विचारत निघालो, राजुरीकरांची मेंढरं कुठं बसल्यात. एक जण म्हणाला, “काल इकडं व्हती, पावणं. आता कालव्याच्या अंगाला बघा.” कालव्याला गेलो तर तिथे ताज्या लेंड्या, मेंढरं नाहीत. घड्याळात दीड. ऊन असं की रस्त्याचं डांबर चाकाला चिकटत होतं. सहाच्या आत पुणे कसं गाठायचं, याचा मी हिशेब करू लागले. शेवटी भानूदादाने गाडी बंद केली आणि दोघंही कान देऊन उभे राहिलो. लांबून, बाभळींच्या पलीकडून, आबांची हाळी आली. मेंढरांना सावलीत वळवायची ती एक खास हाळी असते, प्रत्येकाची वेगळी. मी लहानपणी ती ऐकून आबा किती लांब आहेत ते सांगायचे.

बाभळीखाली कळप माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत उभा होता. मला पाहून आबा उठले. आधी घाबरले, घरी काही झालं का म्हणून. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या बोचक्यावर होती.

“ठकूनं दिलं?” त्यांनी विचारलं.

“मग? माझंच आहे ते.”

“व्हय, तुझंच हाय की,” ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मला त्या हसण्याचा जरा रागच आला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना हसू येतंय.

“दाव मला,” आबा म्हणाले. त्यांनी धोतराला हात पुसले, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि पासपोर्ट दोन्ही हातांत घेतला. फोटो पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग एकेक पान उलटत गेले. “समदं मोकळंच हाय की.”

“प्रत्येक देशात शिक्का मारतात त्यावर.”

“मग भरून आन,” ते म्हणाले.

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मी काय ऐकलं हे कळायला मला थोडा वेळ लागला. डोळे भरून आले. मी विचारलं, “आबा, शुक्रवारी पाहुणे येणार. नाना?” त्यावर ते म्हणाले, “मी सांगंन. प्रस्थान उचललंय म्हनंन. आता त्यात कोन काय करणार? नाना बी न्हाई आन मी बी न्हाई.” कमरेच्या बटव्यातून भंडारा काढून त्यांनी माझ्या कपाळाला लावला. मग कळपात शिरले आणि पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीच्या मानेवरची मूठभर लोकर कात्रीने कातरून आणली. “तिथल्या कुणा जाणत्याला दे. म्हनावं, हे आमचं. तुमचं दावा.” मी ती बोचक्यात घातली. आबा परत फिरले, कारण दोन कोकरं बांधाकडे निघाली होती. मंचरच्या स्टँडवर मला एसटी मिळाली आणि सहाला वीस मिनिटं कमी असताना मी आगाशेबाईंच्या दारात उभी होते. त्यांनी पासपोर्ट उघडला तर आतून हळदीचे तांदूळ सांडले. “हे काय?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, फार मोठी गोष्ट आहे, रेल्वेत सांगते. कलकत्ता येईपर्यंत ती गोष्ट त्यांनी तीनदा सांगायला लावली आणि वहीत उतरवून घेतली.

प्रवासाचं मी दुसरीकडे लिहिलं आहे. इथे एवढंच सांगते की अडीच महिन्यांनी, जिथे नजर जाईल तिथे गवतच गवत अशा जागी, एका म्हाताऱ्याच्या तंबूत मी ती लोकर बाहेर काढली. त्याने ती बोटांत चोळली, वास घेतला, बायकोला दिली, तिनेही वास घेतला. मग तो बाहेर जाऊन आपल्या मेंढीची मूठभर लोकर घेऊन आला. त्याच्या बायकोने आईची चाती हातात घेतली आणि पहिल्या झटक्यात, एकदाही न तोडता, सूत काढलं. आबांचे सगळे प्रश्न मी दुभाष्याकडून विचारले. लांडगा असतो. कुत्री लागतात. कातरायला बायाही असतात. परत आल्यावर ती लोकर आबांना दिली, तेव्हा त्यांनी ती गालाला लावून पाहिली. “थंडीचं जनावर हाय,” म्हणाले. नाना माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी विचारलं, तिकडं द्राक्षं व्हत्यात का गं. मी म्हणाले, चीनच्या एका भागात होतात, मांडवावरच करतात. ते म्हणाले, “फवारणी कसली करत्यात?” आणि आमचं बोलणं सुरू झालं. शुक्रवारच्या पाहुण्यांना त्यांनीच सांगितलं होतं म्हणे, की पोरगी निघालीय, प्रस्थान ठेवलं व्हतं, आमच्यात ते म्हागं घेत न्हाईत. नाना रीतीला पक्के होते.

नाना गेले, काही वर्षांनी आबाही गेले. आबांचं दिवसकार्य झाल्यावर मी ठकूआत्याकडे दोन दिवस राहिले. ती आता खरंच म्हातारी झाली होती, कानाने कमी ऐकायची. ओट्यावर बसलो होतो, समोर धरणाचं पाणी. आत्या एकदम म्हणाली, “आता दोघं बी न्हाईत, म्हनून सांगते. ते पुस्तक बोचक्यात ठेवायचं तुझ्या डोक्यात आलं न्हवतं, बाय. तुझ्या बानं दुधाच्या टेम्पोवाल्यासंगं सांगावा धाडला व्हता.”

मला आधी काही उमगेना. मग तिने सगळं सांगितलं. त्या रविवारी नाना पारगावला आबांकडे गेले होते. म्हणाले, शुक्रवारी पाहुण्यांच्या आधी पोरीकडून पासपोर्ट काढून घ्यायचा आणि माझ्या पेटीत ठेवायचा. मी मागितला तर ती भांडेल, तू माग, तुझं ऐकेल. आबांनी नेहमीसारखी मान हलवली. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. मंगळवारी पहाटे टेम्पो थांबवून त्यांनी आईला निरोप दिला, की पासपोर्ट प्रस्थानात घाल, आणि आत्यालाही एक निरोप दिला. तो आईने भानूदादाच्या कानात सांगितला आणि त्याने जसाच्या तसा येडगावला पोचवला.

“मला काय निरोप व्हता, सांगू?” आत्या म्हणाली. “म्हनला, ठकूला सांगा, कमल सोता आली तरच दे. नाना आला तर देऊ नगं. आन शुक्रवारी नानाच्या शब्दाखातर मीच मागायला आलो, रडलो, पाया पडलो, तरी मला बी देऊ नगं.”

आत्या चहा ठेवायला आत गेली. मी तिथेच ओट्यावर बसून रडले, आणि पारगावच्या बाभळीखाली दोनदा धोतराला हात पुसून पासपोर्ट घेणारे आबा मला दिसत राहिले.